टायपोग्राफीची मूलभूत परिभाषा : रोमन आणि देवनागरी शेजारी ठेवून

बोरू

पुण्यातल्या डिझाइन महाविद्यालयांत नवीन वर्ष सुरू झाले की पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून ठरावीक प्रश्न येऊ लागतात. बेसलाइन म्हणजे काय, एक्स-हाइट कशी मोजायची, कर्निंग आणि ट्रॅकिंग यांत फरक काय, हे सगळे त्यांना इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून शिकवले जाते आणि त्यात गैर काही नाही, कारण ही शास्त्रशुद्ध परिभाषा रोमन लिपीच्या छपाईतूनच घडली आहे. मात्र लगेच पुढच्या महिन्यात हेच विद्यार्थी मराठी नाटकाचे पोस्टर किंवा दिवाळी अंकाचे पान करायला बसतात आणि रोमनसाठी शिकलेले नियम देवनागरीवर जसेच्या तसे लावतात. त्यामुळे शब्द तुटतात, मात्रा वरच्या ओळीत घुसतात आणि पान नीट का दिसत नाही ते कळत नाही. म्हणून प्रत्येक संज्ञा दोन्ही लिप्यांवर एकाच वेळी शिकावी असे माझे ठाम मत आहे आणि त्यासाठीच हा धागा काढला आहे.

आधी तीन कलांतला भेद स्पष्ट करतो. कॅलिग्राफी म्हणजे सुलेखन, ज्यात लेखणीच्या एकेका फटकाऱ्याने अक्षर उमटते आणि तेच अक्षर दुसऱ्यांदा थोडे वेगळे येते. लेटरिंग म्हणजे एखाद्या विशिष्ट शब्दासाठी रेखाटलेली अक्षरे. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी आणि नियतकालिकांसाठी केलेली शीर्षके हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. त्या शीर्षकातला ‘क’ तिथून उचलून दुसऱ्या शब्दात बसवता येत नाही, कारण तो त्याच शब्दासाठी जन्मलेला असतो. टायपोग्राफीत अक्षरे आधीच तयार असतात. ती कोणत्याही क्रमाने आली तरी एकमेकांशी जुळतील अशी घडवलेली असतात आणि आपले काम त्यांची मांडणी करण्याचे असते. १८३१ साली गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत पहिले मराठी पंचांग छापले ते शिळाछापावर, म्हणजे हाताने लिहिलेल्या अक्षरांवरून; त्याउलट १८०५ साली श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांचे मराठीचे व्याकरण छापले गेले ते देवनागरीचे खिळे, म्हणजे अक्षरांचे सुटे धातूचे ठसे, जुळवून.

टाइपफेस आणि फॉन्ट हे शब्द आज सरमिसळ वापरले जातात आणि बोलताना त्याने काही बिघडत नाही. काटेकोर अर्थाने टाइपफेस म्हणजे अक्षरांची संपूर्ण रचना, तिचे वळण. फॉन्ट म्हणजे त्या रचनेची एक विशिष्ट आवृत्ती, जी आज आपल्याला फाइलच्या रूपात मिळते. ‘मुक्त’ हा टाइपफेस झाला, ‘मुक्त बोल्ड’ हा त्यातला एक फॉन्ट झाला. या जाडीला वेट म्हणतात आणि ते साधारणतः १०० ते ९०० या आकड्यांत सांगितले जाते. ४०० म्हणजे रेग्युलर आणि ७०० म्हणजे बोल्ड.

आता अक्षराच्या अंगांकडे येतो. रोमन अक्षरे खालच्या एका काल्पनिक रेषेवर उभी असतात, ती बेसलाइन. लहान एक्स या अक्षराची उंची ती एक्स-हाइट, तिच्या वर जाणारा बी किंवा एचचा दांडा हा असेंडर आणि खाली उतरणारी पी किंवा जीची शेपटी हा डिसेंडर. देवनागरीत अक्षरांचा आधार वर असतो आणि तो काल्पनिक नसून प्रत्यक्ष छापला जातो; ती शिरोरेषा. अक्षरे तिच्यापासून खाली येतात आणि सगळी एकाच पातळीवर संपत नाहीत. ‘प’ आणि ‘म’ यांचे काने खाली एका रेषेत येतात, पण ‘ट’, ‘ठ’, ‘ड’, ‘द’ यांचा शेवट कुठे करायचा हे वळण घडवणारा डोळ्याने ठरवतो. म्हणून देवनागरीचे तीन मजले मानावेत: शिरोरेषेवर मात्रा, वेलांट्या, रफार आणि अनुस्वार यांचा; शिरोरेषेपासून कान्याच्या पायापर्यंत मूळ अक्षराचा; आणि त्याखाली उकार, ऋकार व हलन्ताचा. ‘मूर्ती’ एवढा एक शब्द मोठ्या आकारात काढून पाहिला तरी हे तिन्ही मजले एकदम दिसतात.

प्रथमवर्ष

धागा काढल्याबद्दल आभार. मी पुण्यातच पहिल्या वर्षाला आहे. आम्हाला एका पुस्तकाच्या दुकानासाठी दोन भाषांतला फलक करायला दिला आहे. मराठी आणि इंग्रजी नावाला मी एकच पॉइंट आकार दिला, तरीही मराठी नाव लहान आणि इंग्रजी नाव मोठे दिसते. हा फॉन्टचा दोष समजावा का? आणि पॉइंट नक्की कशाची उंची मोजतो?

खिळेजुळणी

या प्रश्नाचे उत्तर शिशाच्या खिळ्यात आहे. मी शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम केले आहे, त्यामुळे हे थोडे सविस्तर लिहितो.

खिळा म्हणजे शिशाच्या मिश्रधातूचा एक चौकोनी तुकडा, ज्याच्या डोक्यावर उलटे अक्षर असते. पॉइंट आकार हा त्या तुकड्याचा असतो, त्यावरच्या अक्षराचा नव्हे. १२ पॉइंटाच्या खिळ्यावर अक्षर केवढे काढायचे हे तो खिळा घडवणाऱ्याने ठरवायचे. त्याला वरच्या मात्रा आणि खालचे उकार मावण्यासाठी जागा सोडावीच लागे. तुकडा तेवढाच आणि त्यात तीन मजले बसवायचे, म्हणजे मधल्या मजल्याच्या वाट्याला कमी उंची येणार हे उघड आहे. रोमनला मूळ अक्षराच्या वर-खाली एवढा पसारा नसतो, म्हणून तिथे मूळ अक्षर मोठे ठेवता येते. संगणकावर धातूचा तुकडा उरला नाही, पण तो चौकोन कल्पनेने कायम राहिला. त्यालाच एम-स्क्वेअर म्हणतात आणि पॉइंट आजही त्याचीच उंची सांगतो. संगणकीय मापात ७२ पॉइंट म्हणजे १ इंच, म्हणून १ पॉइंट साधारण ०.३५ मिलिमीटर होतो, आणि १२ पॉइंटांचा १ पायका. तेव्हा तुमच्या फॉन्टमध्ये दोष नाही. दोन वेगवेगळ्या चौकोनांत बसवलेली अक्षरे फक्त चौकोन सारखे करून सारखी दिसणार नाहीत.

लेडिंग हा शब्दही तिथलाच आहे. दोन ओळींमध्ये अंतर वाढवायचे असेल तर आम्ही शिशाच्या पातळ पट्ट्या घालत असू. आज सॉफ्टवेअरमध्ये लेडिंगचा आकडा एका ओळीच्या बेसलाइनपासून पुढच्या ओळीच्या बेसलाइनपर्यंतचा असतो, म्हणजे १२ पॉइंटांच्या मजकुराला १५ लेडिंग दिले तर मधली जादा जागा ३ पॉइंटांची.

आणखी एक गोष्ट नव्या मुलांना माहीत असावी. रोमनची बाराखडी मोजक्या खिळ्यांत भागते. देवनागरीला जोडाक्षरे, अर्धी अक्षरे, उकार लागलेली अक्षरे, रफार असलेल्या वेलांट्या असे शेकडो वेगळे खिळे लागत. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने एकोणिसाव्या शतकात मुंबईत देवनागरीचे जे खिळे पाडले त्यांची कीर्ती देशभर झाली ती उगाच नव्हे. एवढ्या शेकडो तुकड्यांची जाडी, उतार आणि शिरोरेषेची पातळी एकसारखी राखणे हे फार अवघड काम होते. खिळ्याला खिळा लागला की शिरोरेषा अखंड दिसली पाहिजे; केसभर फट राहिली तरी ती कागदावर उमटे.

बोरू

खिळेजुळणी यांनी शिरोरेषेतल्या फटीचा विषय काढला, तो धागा पुढे नेतो, कारण नव्या विद्यार्थ्यांच्या कामात सर्वाधिक बिघाड तिथेच होतो.

कर्निंग म्हणजे दोन विशिष्ट अक्षरांमधले अंतर दुरुस्त करणे. रोमनमध्ये कॅपिटल ए आणि व्ही शेजारी आले की मध्ये पोकळी दिसते, ती भरून काढण्यासाठी ते वापरतात. ट्रॅकिंग म्हणजे एका संपूर्ण शब्दातले किंवा परिच्छेदातले अंतर सरसकट कमी-जास्त करणे. इंग्रजी शीर्षके कॅपिटलमध्ये घेऊन त्यांना सढळ ट्रॅकिंग देण्याची आज फॅशन आहे आणि रोमन कॅपिटलना ते शोभते. देवनागरीला तेच दिले की शिरोरेषेचे तुकडे होतात आणि ‘पुणे’ हा शब्द राहत नाही, ‘पु’ आणि ‘णे’ अशी दोन सुटी अक्षरे उरतात. उणे ट्रॅकिंग दिले तर काने एकमेकांवर चढतात. म्हणून देवनागरी मजकुराचे ट्रॅकिंग शून्यावरच ठेवावे असे मी सुरुवातीच्या वर्षात तरी सक्तीने सांगतो. शीर्षकाला मोकळेपणा हवा असेल तर शब्दांमधली जागा वाढवावी किंवा रुंद वळणाचा फॉन्ट घ्यावा.

शिरोरेषेमुळे अक्षरे वरून बांधलेली असली तरी खालची पोकळी सारखी नसते, हेही पाहण्यासारखे आहे. ‘समय’ या शब्दात प्रत्येक अक्षराला काना आहे, त्यामुळे उभ्या रेषा ठरावीक अंतराने येतात आणि शब्द घट्ट विणलेला दिसतो. ‘दगड’ मध्ये ‘द’ आणि ‘ड’ यांना काना नाही. त्यांच्या पोटाखाली आणि बाजूला पांढरी जागा उरते आणि तोच फॉन्ट, त्याच आकारात, विरळ भासतो. चांगला फॉन्ट घडवणारा या दोन प्रकारच्या अक्षरांच्या रुंदीत आणि बाजूच्या जागेत इतका बारीक तोल साधतो की परिच्छेदाकडे डोळे बारीक करून पाहिले तर सगळीकडे सारखाच करडा रंग दिसतो. या करड्या रंगालाच टायपोग्राफीत मजकुराचा रंग म्हणतात. अक्षराच्या आतल्या बंद किंवा अर्धवट बंद पोकळीला काउंटर म्हणतात. ‘ब’ चे पोट, ‘क्ष’ ची गाठ. लहान आकारात आधी हीच पोकळी शाईने भरते.

ओळींच्या अंतराबद्दल सांगायचे तर, इनडिझाइन या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप मिळणारे लेडिंग आकाराच्या १२० टक्के असते. रोमनला ते चालून जाते. मराठीत वरच्या ओळीत ‘उद्धृत’ आणि नेमका त्याखाली ‘सर्वांनी’ आला की ‘द्ध’ चा ऋकार खाली उतरतो, रफार आणि अनुस्वार वर चढतात आणि दोघांची टक्कर होते. माझ्या मते मराठी पुस्तकाच्या मजकुराला १४० टक्क्यांपासून सुरुवात करून पाहावे आणि फॉन्टप्रमाणे कमी-अधिक करावे. आकडा पाठ करण्यापेक्षा असे टक्कर होणारे शब्द मुद्दाम एकाखाली एक मांडून अंतर ठरवणे अधिक भरवशाचे आहे.

ओळीच्या लांबीला मेझर म्हणतात. रोमनसाठी एका ओळीत ४५ ते ७५ अक्षरचिन्हे हा सर्वमान्य संकेत आहे. मराठीत अक्षरे मोजणे गोंधळाचे होते, कारण ‘र्थ्यां’ हे एक मोजायचे की चार? मी शब्द मोजतो. आपले शब्द प्रत्यय लागून लांबतात, ‘विद्यापीठाच्या’ सारखा एक शब्द अर्धा इंच सहज खातो, म्हणून एका ओळीत आठ ते अकरा शब्द मला वाचनाला सुखाचे वाटतात. याच लांब शब्दांमुळे अरुंद स्तंभात दोन्ही कडा जुळवल्या, म्हणजे जस्टिफाय केल्या, की शब्दांमध्ये मोठमोठी भगदाडे पडतात आणि ती ओळीखाली ओळ जुळून पांढरे ओघळ तयार होतात. अशा वेळी डावी कड सरळ आणि उजवी मोकळी ठेवलेली बरी.

समास

ट्रॅकिंगबद्दलच्या सक्तीला माझी थोडी हरकत आहे. शिरोरेषा नसलेली किंवा जाणीवपूर्वक तोडलेली देवनागरी शीर्षकांत आणि बोधचिन्हांत सर्रास दिसते आणि त्यातली कित्येक कामे सुंदर आहेत. गुजराती लिपी तर शिरोरेषेशिवायच लिहिली जाते आणि तिची वाचनीयता कुठे कमी पडत नाही.

बोरू

हरकत योग्य आहे आणि म्हणूनच मी ‘सुरुवातीच्या वर्षात’ असे लिहिले. शिरोरेषा वगळून केलेल्या रचनेत प्रत्येक अक्षराचे डोके नव्याने घडवलेले असते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला भेद राखण्यासाठी वेगळी योजना केलेली असते. शिरोरेषा धरून घडवलेल्या फॉन्टला ट्रॅकिंग देऊन ती रचना मिळत नाही, तिथे फक्त रेषेचे तुकडे मिळतात. मोडी लिहिताना आधी पूर्ण ओळीची रेषा ओढून मग तिच्याखाली अक्षरे लिहीत, शब्दांमध्येही ती तोडत नसत. म्हणजे या रेषेचे काम लिपीगणिक बदलते. ते समजून घेऊन रेषा काढून टाकणे ही रचना आहे; न समजता तोडणे हा बिघाड आहे.

संगणकलेखणी

मी वेब आणि मुद्रण दोन्हींसाठी मजकूर बसवण्याचे तांत्रिक काम करतो, त्यामुळे फॉन्टच्या आत काय चालते ते लिहितो.

युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या संगणकीय पद्धतीत, मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो. ‘कि’ लिहिताना आधी ‘क’ आणि नंतर ऱ्हस्व वेलांटी साठते, मात्र दिसताना ती डावीकडे दिसावी लागते. ‘क्ष’ हा ‘क’, हलन्त आणि ‘ष’ असा साठतो. ही अदलाबदल आणि जोडणी ओपनटाइप या फॉन्टच्या प्रकारात लिहिलेले नियम आणि सॉफ्टवेअरमधले अक्षरांचे आकार जुळवणारे यंत्र मिळून करतात. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर हा ओळी जुळवण्याचा पर्याय निवडलेला नसेल तर हे यंत्र चालत नाही, मग वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते आणि जोडाक्षरे हलन्तासह सुटी पडतात. इलस्ट्रेटर आणि फोटोशॉपमध्येही दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचा पर्याय असतो, तो आधी निवडावा. विद्यार्थी फॉन्ट बदलत बसतात आणि खरी अडचण या एका पर्यायात असते.

दुसरी अडचण जुन्या फाइलींची. युनिकोड रुळण्यापूर्वी पुण्यातच सी-डॅकच्या आणि मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीच्या फॉन्टांवर मराठी छपाईचे प्रचंड काम झाले आणि त्या काळात मराठी डीटीपी, म्हणजे संगणकावरची पानजुळणी, त्यांनीच उभे केले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. त्या फॉन्टांत देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. म्हणून तो फॉन्ट संगणकावर नसेल तर मजकुराऐवजी रोमन अक्षरांची निरर्थक माळ दिसते. अशा मजकुराला नवा फॉन्ट लावून उपयोग नाही. आधी परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा आणि मग मुद्रितशोधन पुन्हा करावे, कारण परिवर्तनात जोडाक्षरे हमखास बिघडतात.

तिसरी गोष्ट मराठी वळणाची. मराठीतला ‘ल’ दोन पाकळ्यांचा, ‘श’ ही आपल्या वळणाचा; हिंदी छपाईत दोन्ही वेगळे दिसतात. काही फॉन्टांत दोन्ही रूपे असतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली की मराठी रूप आपोआप येते. वेबपानावर ही नोंद विसरली तर हिंदी रूपच दिसत राहते. फॉन्ट निवडताना मी एक छोटी यादी टाइप करून पाहतो: दऱ्याखोऱ्या, आचार्य, हृदय, रुपया, रूप, उद्ध्वस्त, ज्ञानेश्वर, ॲप, बाळ, लट्ठ, शृंगार, आणि ५, ८, ९ हे अंक. ‘दऱ्या’ मधला अर्धा ‘र’ आणि ‘आचार्य’ मधला रफार जो फॉन्ट वेगळा दाखवत नाही, तो मराठी पुस्तकासाठी घेऊ नये.

प्रथमवर्ष

वर्ल्ड-रेडी कंपोझरचा पर्याय निवडल्यावर माझ्या फलकावरची वेलांटी जागेवर आली. आता दोन शंका उरल्या आहेत. मराठी अक्षरे इंग्रजीपेक्षा लहान नसावीत असा दुकानांच्या फलकांबाबत कायदा आहे असे आम्हाला सांगितले. मग तो आकार कसा मोजायचा? आणि शेजारी ठेवण्यासाठी देवनागरी-रोमन जोडी कशी निवडायची?

बोरू

कायदा आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ चा आहे आणि २०२२ मधल्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान दुकानांनाही मराठी फलकाचा नियम लागू झाला. मराठी देवनागरी अक्षरांचा आकार इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नये, असे त्यात आहे. डिझाइनर म्हणून या नियमाचा अर्थ आपण प्रामाणिकपणे लावला पाहिजे. पॉइंट सारखे ठेवून मोकळे होणे हा प्रामाणिक अर्थ नव्हे, कारण ते फक्त चौकोन सारखे करणे झाले, हे वर आलेच आहे. बहुतेक रोमन फॉन्टांत कॅपिटलची उंची पॉइंट आकाराच्या दोन तृतीयांश ते पाऊण असते आणि फलकावरचे इंग्रजी नाव बहुधा कॅपिटलमध्येच असते. म्हणून मराठीतला शिरोरेषेपासून कान्याच्या पायापर्यंतचा मधला मजला मोजावा आणि तो कॅपिटलच्या उंचीइतका किंवा थोडा अधिक ठेवावा. वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार या मोजणीत धरू नयेत, नाहीतर ‘मूर्ती’ सारखा शब्द कागदावर उंच भरतो आणि रस्त्यापलीकडून लहानच दिसतो. लक्ष्मी रस्त्यावर समोरच्या पदपथावरून फलकांची छायाचित्रे घ्या आणि त्यावर या दोन उंचीच्या रेषा आखून पाहा. कोणत्या फलकावर मराठी नाव खरोखर मोठे आहे आणि कुठे ते फक्त नियमापुरते आहे, हे लगेच कळते.

जोडी निवडताना उंचीनंतर रेषेची जाडी पाहावी. दोन्ही लिप्यांत उभ्या दांड्याची जाडी जुळली पाहिजे; मात्र ‘क्ष’ किंवा ‘ज्ञ’ मध्ये थोड्या जागेत जास्त रेषा येत असल्याने देवनागरीची जाडी किंचित कमी असली तरी डोळ्याला सारखी दिसते. जाड-बारीक रेषांचा फरक, म्हणजे कॉन्ट्रास्ट, हाही पाहावा. बोरूची, म्हणजे देवनागरीच्या पारंपरिक लेखणीची, जीभ रोमन लेखणीच्या उलट दिशेला तिरकी छाटलेली असते, म्हणून रोमनमध्ये ज्या तिरक्या रेषा बारीक येतात त्याच दिशेच्या रेषा देवनागरीत जाड येतात. त्यामुळे रोमन अक्षराचे सेरिफ, म्हणजे रेषांच्या टोकांवरच्या लहान रेघा, उचलून देवनागरीला चिकटवले की ती परकी दिसते. जोडी त्याच भावाची हवी, त्याच तपशिलांची नको.

सुरुवातीला दोन्ही लिप्या एकत्र घडवलेले टाइपफेस घ्यावेत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा मुक्त आणि अहमदाबादला सुरू झालेल्या इंडियन टाइप फाउंड्रीचा पॉपिन्स हे दोन्ही मोफत आहेत. मुक्त लहान मजकुरालाही चालतो, पॉपिन्सची भौमितिक गोलाई मला शीर्षकापुरती बरी वाटते. पुस्तकाच्या मजकुरासाठी तिरो देवनागरी मराठी आणि आयआयटी मुंबईचा शोभिका पाहा. दोघांतही जाड-बारीक रेषेचा पारंपरिक डौल आहे. र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल विंडोजमुळे घरोघरी पोहोचला आणि संगणकाच्या पडद्यावर मराठी वाचता आली यात त्याचा वाटा फार मोठा आहे, पण तो पडद्यावरच्या लहान आकारासाठी केलेला आहे. फलकावर तो ताणू नये.

देवनागरीला इटॅलिकची परंपरा नाही, हे जाता जाता सांगतो. सॉफ्टवेअरमधले बटण दाबले की अक्षर नुसते कलते आणि काने वाकतात. जोर द्यायचा असेल तर एक पायरी जाड वेट घ्यावे किंवा अवतरणचिन्हे वापरावीत. जाड फॉन्ट उपलब्ध नसताना बोल्ड दाबू नये, कारण त्या वेळी सॉफ्टवेअर बाहेरून रेषा फुगवते आणि ‘ब’ चे पोट व ‘ष’ ची तिरकी रेघ बुजतात.

तुमच्या फलकासाठी नाव मुक्तच्या तीन वेगवेगळ्या वेटमध्ये, खऱ्या आकारात छापून भिंतीवर लावा आणि रस्त्याच्या रुंदीइतके मागे जाऊन पाहा. दुकानाच्या नावात जोडाक्षर असेल तर ज्या वेटमध्ये त्याचे काउंटर तेवढ्या अंतरावरून उघडे दिसतात ते वेट घ्या, मग इंग्रजी नाव त्याला जुळवा. छायाचित्रे आणि मोजणी इथे चिकटवलीत तर पुढचे त्यावर बोलता येईल.